अक्षरं जमिनीवर पडायच्या आत

या आजाराचं नाव मला आजही एका दमात नीट म्हणता येत नाही. दोन परदेशी डॉक्टरांची नावं जोडून केलेलं आहे ते. माझ्या सासूबाई त्याला ‘तो मेला परदेशी’ म्हणतात. जुलाब झाले, ताप आला, बरी झाले, आणि पंधरा दिवसांनी पायांपासून वर एकेक अवयव बंद पडत गेला, इतकं सांगितलं की ज्यांच्या घरी तो येऊन गेलाय त्यांना कळतं. ज्यांच्या घरी तो आज आलाय त्यांच्यासाठी मी लिहिते आहे. धीर देणारं यात फार काही नाही. मला तेव्हा कुणी धीराचं बोललं की राग यायचा. पुढे काय काय होतं हे कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं, तेवढंच मी सांगते.

चप्पल

आधी नोकरीचं सांगायला हवं, कारण माझ्या आजारात ती पहिल्या दिवसापासून शेजारी बसून होती.

माझा नवरा सरकारी कचेरीत कारकून होता. काविळीने गेला. अनुकंपा तत्त्वावर घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. धाकटे दीर, प्रकाशभावजी, बारावी झालेले, राहनाळच्या गोडाऊनमध्ये माल चढवायच्या कामावर होते. त्यांनाही ती हवी होती. पण माझ्या पदरात सहा वर्षांची स्वाती, म्हणून सासूबाईंनी माझ्या बाजूने शब्द टाकला आणि भावजींनी ना-हरकत पत्रावर सही केली. सही करताना ते कुणाकडेही बघत नव्हते.

माझ्या ऑर्डरमध्ये एक अट होती. दोन वर्षांच्या आत मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांची टायपिंग परीक्षा पास व्हायची, नाहीतर सेवा समाप्त. आणि माझी गेली की ती घरातल्या दुसऱ्या कुणालाही मिळणार नव्हती. अशी नोकरी एका घराला एकदाच मिळते.

मी काय केलं? पहिले आठ महिने उद्या-उद्या करत घालवले. इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं, महिनाभर बोटांकडे बघत खडखडाट केला आणि म्हटलं, दोन वर्षं आहेत की, काय घाई आहे!

नवव्या महिन्यात एका संध्याकाळी कचेरीतून घरी आले तर स्वाती म्हणाली, “आई, तुझी एक चप्पल कुठाय?” माझ्या उजव्या पायात चप्पलच नव्हती. भिवंडीत नारपोलीच्या नाक्यापासून घरापर्यंत, खडी टाकलेल्या रस्त्याने, मी अनवाणी चालत आले होते आणि मला कळलं नव्हतं. आम्ही तिघी हसलो. सासूबाई म्हणाल्या, “नोकरी लागल्यापास्नं हिचं ध्यान हाय कुठं!”

तिसऱ्या दिवशी नळाशी वाकले ती उठलेच नाही.

एका श्वासात

भिवंडीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सुया दिल्या. चौथ्या दिवशी हातातून पेला सुटायला लागला, तेव्हा भावजी गोडाऊनचा टेम्पो घेऊन आले. मागे कापडाचे तागे भरलेले होते. त्यांच्यावर गोधडी टाकून मला आडवी केली आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग माझ्या कोपरावर. मग त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि भावजींना बाहेर बोलावलं. पाठीतून पाणी काढलं, तेव्हा आजाराचं नाव पक्कं झालं. बाई मला म्हणाल्या, “हा बरा होणारा आजार आहे. पण आधी वाढतो. छातीपर्यंत गेला तर श्वासाचं मशीन लावावं लागेल. आपण बघत राहायचं.”

बघायचं म्हणजे कसं, तर मी दीर्घ श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायचे. पहिल्या दिवशी मी चौतीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तावीस, दुपारी बावीस. तिसऱ्या दिवशी सतरा. दर दोन तासांनी बाई यायच्या. शाळेत पाढे म्हणतानासुद्धा मी कधी इतकी घाबरले नव्हते. सासूबाईंना आकडे येत नाहीत, त्या नुसता माझा आवाज कुठे तुटतो ते ऐकायच्या. भावजी पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून माझ्याबरोबर ओठ हलवायचे. मी थांबले की त्यांचे ओठ आणखी दोन-तीन आकडे पुढे जायचे.

चौदावर आले तेव्हा त्यांनी माझा पलंग मशीनजवळ नेला.

त्याच दुपारी एक गोष्ट घडली. ती लिहू की नको याचा मी बराच विचार केला. मी डोळे मिटून पडले होते. भावजी हळू आवाजात सासूबाईंना म्हणाले, “आई, वहिनीचं काय बरंवाईट झालं, तर नोकरी परत आपल्या नावावर करून मिळंल का? इचारून ठेवू का?”

सासूबाई म्हणाल्या, “गप. ती आयकते.”

मला तोंड फिरवायचं होतं. मान वळली नाही. ज्या माणसाने मला ताग्यांवर झोपवून आणलं, रोज भिवंडीहून डबा आणला, पॉट दिला तेव्हा पाठ करून उभा राहिला, तोच हे विचारत होता. मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. आज वाटतं, त्याच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं, फक्त जरा लांब जाऊन.

चौदा दोन दिवस टिकलं. मशीन लावावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पंधरा म्हटलं आणि डॉक्टरीणबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला. माझ्या अंगात तेव्हा स्पर्श कळण्यासारखी जागा तेवढीच होती.

वाल

दोन महिन्यांनी घरी आणलं. त्यानंतरच्या चार महिन्यांबद्दल लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, हळूहळू बरं वाटत गेलं. खोटं आहे ते. हळूहळू फक्त कळत गेलं की काय काय गेलंय. सात वर्षांच्या मुलीने आईच्या परकराची नाडी बांधायची, ही काय गोष्ट झाली? एकदा तिने निरगाठ मारली आणि ती सुटेना. मी तिच्या अंगावर इतकी ओरडले की शेजारीण धावत आली.

पाय आधी परतले. कॅनव्हासचे बूट पट्ट्यांनी बांधून मी भिंतीला धरून चालायला लागले. हात मात्र रुसून बसलेले. सासूबाई परातीत वालाचे दाणे ओतायच्या आणि म्हणायच्या, “उचल.” मी एक दाणा उचलायची, तो निसटायचा. त्या स्वतः बाजूला बसून वाल सोलायच्या. संध्याकाळी त्याच वालाचं बिरडं व्हायचं.

पंधराव्या महिन्यात मी काठी घेऊन कचेरीत परत हजर झाले. हेडक्लार्कनी खुर्ची दिली, चहा दिला आणि चहा संपल्यावर म्हणाले, “बाई, मुदत थांबत नसते. आजारपणाची रजा वेगळी आणि मुदत वेगळी. मी वर लिहून पाहिलं.” मुदतीच्या आत दोन परीक्षा उरल्या होत्या.

इन्स्टिट्यूटच्या सरांची शिकवायची पद्धत जुनी. टाइपराइटरच्या बटणांवर पत्र्याचं झाकण बसवायचे, आत हात घालून टाइप करायचं, म्हणजे बघायची सोयच नाही. मी आत हात घातले. ए-एस-डी-एफ. ‘ए’ डाव्या करंगळीने दाबायचा असतो. मशीनचा ‘ए’ अर्धा उठायचा आणि परत खाली बसायचा. सगळ्या ओळीत ‘ए’च्या जागी पुसट डाग किंवा काहीच नाही. वर बोटांना स्पर्श नसल्यामुळे आपलं बोट कुठल्या बटणावर आहे हेही कळेना. सरांनी कागद बाहेर काढून बघितला, घडी घातली आणि म्हणाले, “आधी बऱ्या व्हा, मग या.”

मी जिन्यात बसून रडले. बरं होईपर्यंत मुदत कोण थांबवणार होतं?

घरं

नारपोलीत आमच्या मागच्या गल्लीत एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास होता. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे देवघर. पडदा, गार हवा आणि चपला बाहेर. आमच्या कचेरीत एकच होता, साहेबांच्या केबिनमध्ये, प्लास्टिकच्या कव्हराखाली. क्लास चालवणाऱ्या शाहीनबाजी, खालच्या लूमवाल्यांची मोठी सून. चाळिशीच्या असतील. मी चौदा पायऱ्या बसून-बसून चढले आणि दारात बूट सोडायला वाकले, तर त्या म्हणाल्या, “रहने दो, बूट घालूनच या.” एवढ्यावरच मला रडू फुटलं. त्या दिवसांत मला कशानेही रडू फुटायचं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी माझी डावी करंगळी धरून कीबोर्डवर ठेवली. “टाइपराइटर पे ताकत लगती है. इसपे नहीं लगती. दबाके देखो.” मी दाबलं. पडद्यावर हिरवा ‘ए’ आला. सात महिन्यांत माझ्या करंगळीने केलेलं ते पहिलं काम.

बाजींकडे एका फ्लॉपीत एक गेम होता. काळ्या पडद्यावर वरून एकेक अक्षर खाली यायचं. खाली घरांची रांग. अक्षर जमिनीवर पडायच्या आत त्याचं बटण दाबलं की ते फुटायचं. नाही दाबलं की एक घर कोसळायचं. सगळी घरं गेली की खेळ संपला. बाजींनी लूमवरचं कोरं कापड आणून माझ्या गळ्यात बांधलं, न्हावी बांधतात तसं, आणि त्याचं दुसरं टोक मॉनिटरच्या खालच्या कडेला अडकवलं. खाली माझे हात, हातांखाली कीबोर्ड, आणि मला पडदा सोडून दिसत काहीच नाही.

पहिल्या दिवशी मी एकही अक्षर फोडलं नाही. बारा घरं गेली.

मी रोज कचेरी सुटल्यावर जायला लागले. खाली लूम सुरू असले की टेबल थरथरायचं, लूम थांबले की लाइट गेली समजायचं आणि पडदाही काळा. मी अंधारात तशीच कापड बांधून लाइट यायची वाट बघत बसायची. मी इंग्रजी चाळीसला बसायचं ठरवलं, कारण गेममध्ये इंग्रजी अक्षरं होती आणि टायपिंगला अर्थ कळावा लागत नाही. घरी आले की स्वाती विचारायची, “आज किती घरं वाचली?” आधी एक. मग तीन. गोष्ट पोरखेळाची आहे हे मला कळत होतं, पण ती घरं पडताना माझा जीव खालीवर व्हायचा. त्यातलं एक आपलं आहे आणि आत आपण तिघी-चौघं बसलोय असं मला खरोखर वाटायचं.

‘एफ’ आणि ‘जे’ या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, न बघता जागा सापडावी म्हणून. बाजी पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. मला तो कधी लागलाच नव्हता. दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी डाव्या तर्जनीखाली काहीतरी टोचलं. मी ओरडले, “बाजी, लागला!” त्या घाबरून धावत आल्या, त्यांना वाटलं शॉक लागला.

तिथून मी सुटले. सातवी लेव्हल, नववी, अकरावी. बाजी म्हणायच्या, “अब मशीन पे भी बैठो.” सरही म्हणाले, या आता. मी आठ दिवस गेले आणि सोडलं. त्या मशीनसमोर बसलं की मला तो पुसट डाग आठवायचा. गेममध्ये मी जिंकत होते ना, मग हरायला कशाला जाऊ? ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

हात गेले

परीक्षेच्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास मशिनी एकदम सुरू झाल्या. मीही सुरू केलं. नजर कागदावर, बोटं आपोआप. करंगळीसाठी सगळा हात उचलून आपटत होते, पण ‘ए’ उमटत होता. मला आनंद झाला. आणि एकाएकी बटणं खाली जाईनात.

मी जोर लावला. हलेना. दुसऱ्या बोटाने दाबलं, हलेना. दहाही बोटं लावून बघितली. आजार परत आला, मला वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शंभरात एखाद्याला परत येतो. आधी बोटं, मग छाती. मी उभी राहिले आणि सगळ्या हॉलमध्ये ओरडले, “माझे हात गेले!”

दोन बायकांनी मला धरून व्हरांड्यात बाकावर निजवलं. कुणीतरी पाणी आणलं. मी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि आकडे म्हणायला लागले. दहा, पंधरा, वीस. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून. तीस, चौतीस, अडतीस. श्वास शाबूत होता. मला काही कळेना.

तेवढ्यात सुपरवायझर माझा कागद घेऊन बाहेर आले. चिडलेले होते, पण माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. “बाई, तुम्ही कॅरेज पुढच्या ओळीसाठी ओढलंच नाही. ओळ संपली की मशीन लॉक होतं. त्याआधी घंटी होते, ती ऐकली नाहीत?”

ओळ संपते हेच मी विसरले होते. गेममध्ये ओळ नसते. वरून अक्षरं येतात, तुम्ही फोडता, संपतच नाहीत. घंटी वाजली असेल, पण खाली लूम चालू असताना शिकलेल्या माझ्या कानांनी असले आवाज कधीच सोडून दिले होते. कागदावर एकच ओळ होती. पूर्ण, सरळ, एकही चूक नसलेली.

हात गेले नव्हते. फक्त परीक्षा गेली होती.

घरी सांगितल्यावर भावजी ताटावरून उठले. “घंटी आयकाया येत न्हाय, आणि सरकारी नोकरी पायजे!” असं म्हणून निघून गेले. त्या आठवड्यात मला जगावंसं वाटत नव्हतं. खाडीच्या पुलावरून जाताना रिक्षा थांबवावी असं दोनदा मनात आलं. तेव्हा मी हे कुणालाच सांगितलं नाही. तुमच्या मनात आलं तर सांगा. मी नुसती नशिबाने निभावले.

ओढ

सरांनी मोडीत काढलेलं एक मशीन मला घरी नेऊ दिलं. बाजींनी ते कोरं कापड पाठवलं. मशीन चुलीपासून चार हातांवर पाटावर ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी घंटी वाजली, मी पुढे टाइप करत राहिले, आणि चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, “वाजली ना. मंग?”

“काय?”

“घंटी वाजली. ओढ की.”

त्यांना एक अक्षर वाचता येत नाही. पण आकडे न कळता दोन महिने माझा श्वास ऐकलेली बाई ती, तिला घंटी काय ऐकू येणार नाही? पुढचे पाच महिने सकाळ-संध्याकाळ मी कापड बांधून बसायची आणि त्या काम करता करता म्हणायच्या, “ओढ.” भाजी चिरताना, “ओढ.” स्वातीची वेणी घालताना, “ओढ गं.” चिडल्या की, “ओढ भवाने!” कधी मी आपण होऊन ओढलं तर त्या काहीच म्हणायच्या नाहीत. हळूहळू त्यांचं बोलणं कमी होत गेलं. बोटं सुजायची, मी मीठ घातलेल्या कोमट पाण्यात बुडवून परत बसायची. करंगळी आजही निम्मी बधिर आहे.

दुसऱ्या परीक्षेत काय टाइप केलं मला आठवत नाही. शेवटच्या दोन ओळी राहिल्या एवढं आठवतं.

निकालाच्या दिवशी मला जायचा धीर होईना, म्हणून भावजी शिफ्ट सोडून इन्स्टिट्यूटमध्ये गेले. परत आले, हातपाय धुतले, ताटावर बसले. सासूबाई म्हणाल्या, “आरं, बोल की!”

“हाय नंबर,” ते म्हणाले. “दोन टायमाला बघितला. मंग सरांना बघाया लावला.” आणि ताटाकडे बघत म्हणाले, “वहिनी, उद्या ड्युटीला लवकर जा.”

दुसऱ्या दिवशी निकालाचा दाखला लावायला हेडक्लार्कनी माझी फाइल काढली. दाखला लावताना खालून एक कागद सरकला. माझ्या नावाचं पत्र होतं, अटीची पूर्तता न केल्यामुळे सेवा समाप्त करण्यात येत आहे म्हणून. साहेबांची सही झालेली. फक्त तारखेची जागा कोरी.

हेडक्लार्क ओशाळले. “तयारी ठेवावी लागते बाई. मनावर घेऊ नका. द्या, मी फाडून टाकतो.”

मी पत्र पूर्ण वाचलं. त्यात टायपिंगच्या चार चुका होत्या.

“नको,” मी म्हणाले. “मीच फाडते.”

कचेरीचा जाड कागद. फाडायला चिमटीत जोर लागतो, आणि चिमूट हा माझा सगळ्यात कच्चा भाग. पहिल्यांदा तो निसटला. दुसऱ्यांदाही. हेडक्लार्कनी हात पुढे केला, मी त्यांच्याकडे बघितल्यावर मागे घेतला. मी कागद टेबलावर ठेवला, बोटं पदराला पुसली आणि परत धरला. बराच वेळ लागला, पण फाटला.